गगनवाघिणीची पाठ

आमच्या सुनेला एक घाणेरडी सवय आहे. आपण बोलायला लागलो की ती पाठ फिरवते. उलटून बोलत नाही, रडत नाही, भांडी आपटत नाही. नुसती वळते आणि चालायला लागते. अहो, भांडायला समोर तोंड लागतं की नाही? मी मार्केट यार्डात पालेभाजीच्या गाळ्यावर हयात काढलेली बाई. माझा आवाज चढला की मेथीच्या जुड्या आपोआप सरळ व्हायच्या. हमाल, अडते, टेम्पोवाले, सगळे माझ्या समोर उभे राहून शिव्या खाऊन गेले. आणि ही पूर्वा, माझ्या चेतनची बायको, माझं वाक्य अर्धं असतानाच आतल्या खोलीत. लग्नाला सहा वर्षं झाली. तेवढ्यात मी तिच्या तोंडापेक्षा तिच्या पाठीशीच जास्त बोलले असेन.

त्यामुळे ती पाठ मी कुठंही ओळखीन. डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा वर. कॉलेजात कबड्डी खेळताना निखळला होता, तो नीट बसलाच नाही. मान काठीसारखी ताठ. आणि रागात असली की सगळं वजन उजव्या पायावर.

हे एवढं सविस्तर अशासाठी सांगते, की पुढचा सगळा घोटाळा मी ती पाठ बरोबर ओळखली म्हणून झाला. चुकीची ओळखली असती तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं.

तर मी आणि आमचे हे रिक्षाने स्वारगेटवरून चाललो होतो. हे म्हणजे सुखदेवराव, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि बोलण्यातूनही. सिग्नलला रिक्षा थांबली. समोर ही थोरली जाहिरात. खाली सगळं शहर, वर काळं आभाळ, आणि उंच इमारतीच्या कठड्यावर एक बाई उभी. अंगाला घट्ट तांबडा पोशाख, मागे वाऱ्यावर पिवळं उपरणं, केस आवळून बांधलेले. तोंड दिसतच नव्हतं. ती शहराकडं बघत होती आणि आपल्याकडं पाठ. मी शिकले चौथीपर्यंत, पण अक्षरं मोठी असली की मला कुणी अडवू शकत नाही. एकेक अक्षर लावत वाचलं, 'गगनवाघीण'.

मग पुन्हा बाईकडं बघितलं. डावा खांदा वर. मान ताठ. वजन उजव्या पायावर.

"अहो," मी म्हटलं, "ही आपली पूर्वा."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "खांदा तिचाच आहे," म्हणाले.

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "आजी, तो सुपरहिरोचा पिक्चर आहे."

"मग? आमची सून आहे ती. तू समोर बघून चालव."

घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. पूर्वा व्यायामशाळेत पोरींना मल्लखांब शिकवते. मागच्या वर्षी 'ट्रेनिंग आहे' म्हणून सारखी हैदराबादला जायची. परत आली की कधी कोपर सोललेलं, कधी गुडघा दुधीएवढा सुजलेला. काय झालं म्हणून विचारलं, की पाठ. आणि गेल्या आठवड्यापासून तर फोन हातातून सोडत नव्हती. फोन वाजला की धावायची, दुसऱ्या कुणाचा निघाला की तोंड उतरायचं.

चेतनला गाठलं. तो घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे गाठायला सोपा आहे.

"चेतन, पूर्वा गगनवाघीण आहे का रे?"

त्याच्या तोंडातला चहा कॉम्प्युटरवर गेला. "आई, तुला कुणी सांगितलं? हे बघ, कुणाला बोलू नकोस. प्लीज. तिला सांगू नकोस, की तुला कळलंय."

झालं. याच्यापेक्षा पक्का पुरावा कोणता असतो? जाहिरातीवर नाव दुसऱ्याच बाईचं होतं म्हणा, पण सिनेमातले लोक नाव बदलतात एवढं मलाही कळतं. रणपिसे आडनाव घेऊन आभाळात कोण उडणार?

तुम्हाला म्हणून सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या घरातली पोर, सकाळी पोळ्या लाटून जाते, आणि तिचं चित्र स्वारगेटच्या डोक्यावर! आणि बोलायचं नाही म्हणे. चोरी केली आहे का?

तरीही मी बोलणार नव्हते. मी शब्दाची पक्की आहे. पण आमच्या खालच्या मजल्यावर आनंदीबाई राहतात. मूळच्या शनिवार पेठेतल्या. हे त्या रोज एकदा सांगतात, दिवस फुकट गेला असं वाटू नये म्हणून. त्यांचा नातू आमोद सीए झाला, तेव्हा त्यांनी चौकात फ्लेक्स लावला होता. टाय घातलेला आमोद, मागे उगवता सूर्य. महिनाभर मी त्याच्या खालून भाजी आणली. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या मला म्हणाल्या, "काय हो शैलाताई, सूनबाई अजून त्या व्यायामशाळेतच का? नाही, चांगलंच आहे. तब्येत राहते."

तब्येत राहते.

मी वर आलेच नाही. तशीच उलट फिरले आणि चौकातल्या साईच्या दुकानात गेले.

साई फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, निकाल, परदेशगमन, आमच्या चौकात जे काही घडतं ते आधी साईकडं छापून येतं आणि मग घडतं. त्याला म्हटलं, आमोदपेक्षा मोठा पाहिजे. जाहिरातीतलं चित्र त्याने फोनमधून काढलं आणि डोकं खाजवत बसला.

"काकू, याच्यात तर पाठ आहे. वहिनींचं तोंड कुठं लावू?"

"तोंडाच्या जागी."

"तोंडाच्या जागी आंबाडा आहे."

"त्याच्यावर लाव."

"शरीर तिकडं आणि तोंड इकडं? घुबडासारखं दिसेल हो."

"दिसू दे. चौकातल्या लोकांनी तोंड ओळखायला पाहिजे. पाठ मी ओळखते, सगळे थोडेच ओळखतात."

फोटो मी दिला तो लग्नातला. पांढरी साडी, केसात मोगरा, नजर खाली. आता एकदा फ्लेक्स म्हटलं की खाली शुभेच्छुक आले. आमच्याकडं शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स म्हणजे बिनमिठाचं पिठलं. विहारातल्या महिला मंडळाच्या बायकांचे फोटो घेतले, त्यांच्या नवऱ्यांचे घेतले, रसवंतीवाल्याचा घेतला. कुणाचा पहिल्या ओळीत आणि कुणाचा दुसऱ्या, यावरून दोघी जावा बोलेनाशा झाल्या. तेवढ्यात दत्तप्रसाद आला. तो 'भावी नगरसेवक' आहे. मी त्याला ओळखते तेव्हापासून भावीच आहे. म्हणाला, "काकू, माझा फोटो मोठा टाका, बांबू आणि बांधायची माणसं माझी." टाकला. पूर्वापेक्षा थोडाच लहान.

शुक्रवारी सकाळी फ्लेक्स चढला. "'गगनवाघीण' या चित्रपटात प्रमुख भूमिका साकारल्याबद्दल आमच्या सूनबाई सौ. पूर्वा चेतन रणपिसे यांचे हार्दिक अभिनंदन!" गगनवाघीण इमारतीवर उभी, शरीर शहराकडं आणि लाजरं तोंड आमच्या चौकाकडं. खालून मंडळाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. रविवारच्या दुपारच्या खेळाला मी सगळ्यांना घेऊन जाणार, असं तिथंच जाहीर केलं. आनंदीबाई गॅलरीत आल्या, त्यांनी वाचलं, आणि काही न बोलता आत गेल्या. मला आयुष्यात काही कमी राहिलं असेल तर ते त्या क्षणी भरून निघालं.

अकराच्या सुमारास पूर्वा व्यायामशाळेतून आली. मी दारातच पेढे घेऊन उभी होते. ती पेढ्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. आणि बघा हं, पाठ फिरवली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आई, मी हिरोईन नाही."

"अगं, लाजतेस काय आता?"

"नाही हो आई. हिरोईन दुसरी आहे. तिला उडी मारता येत नाही. तिच्या उड्या मी मारते. तिचे कपडे घालून, तिच्यासारखे केस बांधून. तिचं तोंड घेतात आणि माझी पाठ घेतात. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा कंपनीला शब्द दिलाय मी. सगळे देतात. लोकांना वाटलं पाहिजे ना, तीच उडते म्हणून."

मी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"आमचे फाइट मास्टर आहेत, बद्रीनाथ सर," ती म्हणाली. "दुसऱ्या भागासाठी फक्त मुलींचं पथक करतायत ते. उड्या, मारामाऱ्या, सगळं मुलीच करणार. आणि त्याची प्रमुख मला करणार होते. आजवर एका बाईला नाही दिलं हे काम त्यांनी. त्यांच्या फोनची वाट बघत होते मी आठवडाभर. आत्ता आला." तिने फोन माझ्यासमोर धरला. "कुणीतरी त्यांना फ्लेक्सचा फोटो पाठवलाय. थिएटरांच्या दौऱ्यावर पुण्यात येतायत, उद्या संध्याकाळी स्वतः येऊन बघतो म्हणाले. खरं निघालं तर पथक विसर, आणि काम पण विसर."

मग ती वळली आणि आत गेली. तीच पाठ. पण या वेळी मान खाली होती आणि दोन्ही खांदे हलत होते. अहो, त्या खांद्यांवर रागवायला मी सरावले होते. रडताना कधी बघितलं नव्हतं.

मी चप्पल घालून खाली.

तुम्हाला वाटेल, त्यात काय, फ्लेक्स उतरवायचा. उतरवून दाखवा. लावायला सगळे येतात, काढायला कुणी नाही, कारण प्रत्येकाचा फोटो असतो खाली. रसवंतीवाला म्हणाला, माझ्या सासुरवाडीचे लोक उद्या बघायला येणार आहेत. दोघी जावा म्हणाल्या, आता कुठं आम्ही बोलायला लागलोय. दत्तप्रसादने तर हातच जोडले.

"काकू, जीव मागा. निवडणूक तोंडावर आलीय, आणि चौकात माझा एवढा मोठा फोटो दुसरीकडं कुठं नाही."

"तुझा फोटो कापून वेगळा लावते."

"एकटा? एकट्याचा फोटो लावला की लोक समजतात, माणूस गेला."

"अरे, खोटं छापलंय त्याच्यावर."

"मग? फ्लेक्सवर खरं कुणी छापतं का?"

बांबू त्याचे, माणसं त्याची. पेढे परत मागणार होते, पण त्याने खाल्ले होते.

घरी येऊन मी डोक्याला हात लावून बसले. शेजारी हे वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटता उलटता म्हणाले, "उतरत नसेल तर झाक."

एवढंच बोलले आणि कोडं सोडवायला लागले. पण माझं सुटलं होतं. तोंड झाकायचं. नाव झाकायचं. बाकीचे फोटो जसेच्या तसे, मग कुणाचं काय जाणार?

शनिवारी दुपारी मी आणि साई कामाला लागलो. यार्डातली माणसं पहाटे उठतात, त्यामुळे दुपारी आमच्या चौकात कुत्रंसुद्धा डोळा उघडत नाही. साई शिडीवर चढला आणि खाली बघून म्हणाला, "काकू, वहिनींच्या तोंडावर चिकटवू काय?"

"काहीही. दुसरं तोंड."

"या मापाचं छापायचं म्हटलं तर मशीन बंद आहे, सोमवारी माणूस येणार. तयार एकच तोंड पडलंय दुकानात."

"कुणाचं?"

साई शिडीला जरा घट्ट धरून म्हणाला, "तुमचं."

माझ्या एकसष्टीचा फ्लेक्स त्यानेच केला होता. जास्तीची प्रत उरली होती. त्यात मी निळ्या पैठणीत, कपाळावर रुपयाएवढी टिकली, नाकात नथ, आणि समोरच्याने वजनात मारलंय अशा नजरेने बघतेय. मी शिडीच्या खाली उभी राहून विचार केला. फार नाही, साईने घाम पुसला तेवढा वेळ. या चौकात मला कुणी हसलेलं नाही. हसायची कुणाची टाप नव्हती.

"चिकटव," मी म्हटलं.

नावाचंही तसंच केलं. त्याच फ्लेक्सवरून 'शैला सुखदेव' कापलं आणि 'पूर्वा चेतन'वर बसवलं. आता मी खालून वाचलं, "प्रमुख भूमिका साकारल्याबद्दल आमच्या सूनबाई सौ. शैला सुखदेव रणपिसे यांचे हार्दिक अभिनंदन!"

"'सूनबाई' राहिलं, काकू," साई म्हणाला.

"राहू दे. मीही कुणाची तरी सून आहेच."

वर घट्ट तांबडा पोशाख, ही पिळदार पाठ, वाऱ्यावर उपरणं, आणि त्या सगळ्यावर मागे वळून बघणारी नथवाली मी. साई शिडीवरून उतरला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला. आतून तो हसतोय की खोकतोय, मी विचारलं नाही.

चारनंतर चौक जागा झाला. पहिला हमाल आला, त्याने वर बघितलं, पाटी खाली ठेवली आणि खालीच बसला. दुसरा आला. मग सगळा यार्ड आला. कुणी विचारलं, शैलाकाकू, उडून गाळ्यावर येणार का आता? कुणी म्हणालं, पेट्रोल वाचलं. आनंदीबाई गॅलरीत चहाचा कप घेऊनच आल्या, नाटकाला बसावं तशा. मी फ्लेक्सच्या खाली खुर्ची टाकून बसले होते. उत्तरं तोंडावर होती, एकेकाला पाणी पाजणारी. एकही दिलं नाही.

संध्याकाळी रिक्षातून एक माणूस उतरला. मान बैलासारखी, एक पाय ओढत चालणारा, हाताची दोन बोटं वाकडी. मी ओळखलं, हाच तो फाइट मास्टर. तो फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा कुणी लावला?"

"मी."

"आणि फोटो?"

"माझाच. दिसत नाही का?"

"तुम्ही 'गगनवाघीण'मध्ये आहात?"

"प्रमुख भूमिका. वर लिहिलंय."

"उड्या?"

"मीच मारल्या."

"दोरी लावून की बिनदोरीच्या?"

"बिनदोरीच्या. दोरीवर मी फक्त कपडे वाळत घालते."

मागे यार्ड फुटला. तो माणूस हसला नाही. खिशातून फोन काढून त्याने मला दाखवला. "मला आलेल्या फोटोत इथं एका तरुण मुलीचं तोंड होतं."

"फोटोत मी तरुण दिसते," मी म्हटलं. "ऊन कसं पडतं त्याच्यावर आहे. आता म्हातारी झाल्यावर माणसाला हौस नसावी का? मला सुपरहिरो व्हायचं होतं. झाले. सुनेचा काही संबंध नाही, ती गरीब पोर पोरींना मल्लखांब शिकवते."

त्याने फोन खिशात टाकला. "उद्या दुपारच्या खेळाला मी थिएटरात बसणार आहे. लोक काय बोलतात ते मागे बसून ऐकायची सवय आहे मला." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "लोक फार बोलतात हो." आणि लंगडत रिक्षात बसला.

पूर्वाचं काय ठरलं, ते काही बोलला नाही.

रविवारी आमचं सगळं मंडळ थिएटरात. दारावर आमच्या चकल्यांचे डबे काढून घेतले, ते वेगळं. मी मधल्या रांगेत, एका बाजूला पूर्वा, दुसऱ्या बाजूला हे, आणि नेमक्या माझ्या पुढं आनंदीबाई. त्यांना मी बोलावलंच नव्हतं. मागे वळून बघितलं, तर शेवटच्या रांगेत ती बैलमान. पूर्वाचं पुढं काय व्हायचं ते माझ्या जिभेवर होतं, आणि माझी जीभ तुम्हाला आता माहीत आहे.

पिक्चर सुरू झाला. आता मला सिनेमातलं फार कळत नाही, पण खरं सांगते, असं काही मी बघितलं नव्हतं. एक साधी बस कंडक्टर. दिवसभर तिकिटं फाडते, लोकांचं ऐकून घेते. आणि संकट आलं की गगनवाघीण. धरणाचं पाणी चोरणारा एक बिल्डर आहे, त्याच्या माणसांना ती असं लोळवते, की मला माझे गाळ्यावरचे दिवस आठवले. कुणा पुरुषाची वाट बघत नाही. रडत बसत नाही. आणि केस बांधून लढते, हे मला सगळ्यात पटलं. मोकळ्या केसांनी कुणी काम करतं का?

हिरोईनचं तोंड गोड होतं. तोंड दिसलं की मी स्वस्थ. पण ती वळली, पळायला लागली, की डावा खांदा वर. माझी. भिंतीवरून सरसर चढली, मान ताठ. माझी. हे कानाशी येऊन पुटपुटले, "ही आपली." मी कोपर मारलं. पुन्हा हिरोईनचं तोंड आलं, आणि हे म्हणाले, "ही त्यांची." पुन्हा कोपर.

शेवटी तो प्रसंग आला. बस पुलावरून अर्धी बाहेर लोंबतेय, आत शाळेची पोरं, आणि गगनवाघीण पलीकडच्या इमारतीवर. मध्ये एवढी मोठी पोकळी. ती कठड्यावर उभी राहिली. आपल्याकडं पाठ. वजन उजव्या पायावर.

अहो, मला दिसलं की ती चिडली आहे. सहा वर्षं बघितलंय मी.

आणि तिने उडी मारली. थिएटरात एक श्वास नव्हता. मी पूर्वाचा हात धरला होता, तो इतका आवळला, की तिने 'आई गं' केलं. शेजारी बसली होती हो धडधाकट, पॉपकॉर्न खात, तरी माझा जीव तिकडं पडद्यावर लोंबत होता. ती बसवर पडली, खांद्यावर. त्याच खांद्यावर. हैदराबादहून आली तेव्हा महिनाभर तिला तो हात वर नेता येत नव्हता, आणि मी म्हटलं होतं, पोळ्या लाटायचा कंटाळा. थिएटर उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. आमच्या मंडळाच्या बायका खुर्च्यांवर.

तेव्हा आनंदीबाई मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "बघा शैलाताई, याला म्हणतात काम. तुमच्या-आमच्या घरातल्या पोरींना जन्मात जमेल का असं?"

माझ्या घशात शब्द येऊन उभा राहिला. दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा, नुसती कडी काढायची बाकी. मागे शेवटच्या रांगेत तो ऐकत होता. मी पूर्वाच्या मांडीवरून पॉपकॉर्नचा डबा उचलला आणि मूठभर तोंडात कोंबलं. मग आणखी मूठभर. गाल फुगले, डोळ्यांतून पाणी आलं.

"आं?" आनंदीबाई म्हणाल्या. "काही म्हणालात?"

मी मान हलवली. नाही.

"काल तर फार उड्या मारत होतात."

आणखी एक मूठ. उरलेला सगळा पिक्चर मी चावत बघितला.

बाहेर आलो तर तो जिन्यापाशी उभा. पूर्वा पुढं झाली. तो तिच्याशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला. "शैलाताई, आमच्या धंद्यात उडी मारणारे पुष्कळ मिळतात. मारून गप्प बसणारे मिळत नाहीत. तुमच्या घरात दोन निघाल्या." मग पूर्वाकडं बघून, "पथकातल्या पोरी तू निवडायच्या. मंगळवारी ये." आणि पाय ओढत निघाला. चार पावलांवर थांबून म्हणाला, "आणि तो फ्लेक्स तेवढा उतरवा हो. लोक पिक्चरला यायचे बंद होतील."

फ्लेक्स अजून उतरलेला नाही. दत्तप्रसाद म्हणतो, चौकात आता तीच खूण झाली आहे. रिक्षावाल्यांना लोक सांगतात, 'नथवाल्या गगनवाघिणीपाशी सोडा.' आनंदीबाई रोज खालून जाताना वर बघून नमस्कार करतात. करू देत.

त्या रविवारी घरी आल्यावर पूर्वा चहा टाकत होती. ओट्याकडं तोंड, माझ्याकडं पाठ. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "पूर्वा." तिला वाटलं, निघालं आता काहीतरी. ती सवयीने कप उचलून आत जायला लागली.

"थांब," मी म्हटलं. "त्या हिरोईनचं तोंड मी तीन तास बघितलं, आता एक नाक आठवत नाही. तुझी पाठ मात्र लाखात एक आहे गं, सगळं थिएटर उभं केलंस. पण ती तिकडं दाखव, कामावर. घरात मला भांडायला तोंड लागतं. वळ इकडं, आणि चहात साखर किती घातलीस ते सांग."